परिचारिका : दवाखान्यातील शिक्षिका

(धनज येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या प्रश्नावर बोलण्यासाठी आपण डॉक्टरला न बोलावता अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाला बोलावलेत, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. औषधोपचारातले मला काही कळत नाही. पण समाजात कोणत्या श्रमाला मोल मिळते, कोणत्या श्रमाला मिळत नाही आणि ते का मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न आहे. त्या दृष्टीने पाहू लागलो की आरोग्यव्यवस्थेतील एका व्यक्तीपाशी नजर थांबते. ती व्यक्ती म्हणजे परिचारिका. आपल्या गावची नर्सबाई, दवाखान्यातली सिस्टर.

तिच्या कामाचे दोन भाग आहेत. सुई टोचणे, पट्टी बांधणे, बाळंतपण करणे, लस देणे हा एक भाग. हा मोजता येतो आणि त्याची नोंद रजिस्टरात होते. दुसरा भाग सांगण्याचा. गोळी केव्हा घ्यावी, जखम कशी धुवावी, बाळाला काय पाजावे आणि काय पाजू नये, कोणते लक्षण दिसताच दवाखाना गाठावा, हे ती सांगते. रोग्याला सांगते, त्याच्या घरच्यांना सांगते, आशाताईला, मदतनीस मावशीला आणि पुष्कळदा नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरलाही सांगते. या दुसऱ्या भागाची नोंद कुठेही होत नाही. माझे म्हणणे असे की, हा न मोजला जाणारा भागच तिच्या कामाचा गाभा आहे आणि आजची व्यवस्था नेमका तोच मारून टाकीत आहे.

ज्ञानाचा बाजार का भरत नाही

केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला. त्यातील मुख्य मुद्दा साधा आहे. भाजी घेणाऱ्याला भाजी कळते. बैल घेणारा बैलाचे दात पाहतो. पण दवाखान्यात गेलेल्या माणसाला आपल्याला काय झाले आहे आणि कशाची गरज आहे, हे ठाऊक नसते. विकणाऱ्याला सर्व ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा व्यवहारात बाजाराचे नियम लागू पडत नाहीत. तेथे गिऱ्हाईक राजा नसते. ते शरणागत असते.

या शरणागतीवर मोठा धंदा उभा आहे. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायचे, ही रीत आपल्या भागात किती रुजली आहे ते आपण जाणताच. वेचणीच्या दिवसांत मजुरीवर जाणारी बाई दोन-तीन दिवसांची मजुरी एका बाटलीवर घालवते. त्या बाटलीत बहुधा मीठ, पाणी आणि साखर याहून अधिक काही नसते, आणि जो माणूस तोंडाने पिऊ शकतो त्याला ते तोंडाने देता येते. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच करून दाखविले. सलाईन पुरेनासे झाले तेव्हा त्यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि ते कसे पाजायचे ते शिकविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून चारच्याही खाली आले. तेथे औषध नवे नव्हते. नवी गोष्ट एवढीच की ज्ञान रोग्याच्या नातेवाइकाच्या हाती गेले.

पण ज्ञान हाती देण्याचे बिल कोण काढणार? सलाईन लावले तर पैसे मिळतात. त्याची गरज नाही हे समजावून सांगण्यात अर्धा तास गेला तर काहीच मिळत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवस्थेत शिक्षण हा तोट्याचा व्यवहार ठरतो. म्हणून हे काम सार्वजनिक व्यवस्थेनेच करावे लागते, आणि त्या व्यवस्थेत ते करण्यास सर्वांत योग्य व्यक्ती म्हणजे परिचारिका. ती रोग्याच्या सर्वांत जवळ असते, त्याच्याच भाषेत बोलते, आणि डॉक्टरला जे विचारायला माणूस कचरतो ते तिला विचारतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला मधुमेहामुळे एका मोठ्या रुग्णालयात ठेवले होते. घरी सोडताना बिल चार पानी मिळाले आणि औषधांची पिशवी भरून मिळाली. परंतु इन्सुलिन कोठे व कसे टोचावे, साखर एकदम उतरली तर काय करावे, यातले अवाक्षरही कोणी सांगितले नाही. आम्ही शिकलेली माणसे म्हणून आमचे कसेबसे निभावले. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही त्याचे काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

शिक्षिका आणि परिचारिका : एकच परंपरा

महाराष्ट्रात शिक्षण आणि शुश्रूषा या दोन गोष्टी पहिल्यापासून हातात हात घालून आल्या आहेत. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुत्र यशवंतराव यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. या देशातील आद्य शिक्षिकेचे अखेरचे काम परिचारिकेचे होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्याला कोणी शिवत नाही त्याला शिकविणे आणि ज्याला कोणी शिवत नाही त्याची शुश्रूषा करणे, या दोहोंमागील वृत्ती एकच आहे.

पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले. तेथील मुलींना व विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढायचे, या गोष्टींना तत्कालीन पांढरपेशा समाज नाक मुरडीत असे. त्या तिरस्काराचे अवशेष आजही शिल्लक आहेत. परिचारिकेला कमी लेखण्यामागे दुहेरी अन्याय आहे : ती स्त्री आहे, आणि तिचे काम शरीराच्या अशुद्ध मानलेल्या गोष्टींशी निगडित आहे. अशा माणसाला आपला समाज शिक्षक मानायला तयार नसतो.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालातील आकडे पाहावेत. त्या वेळच्या हिंदुस्थानात डॉक्टर साधारणपणे ६,३०० लोकांमागे एक होता, तर परिचारिका ४३,००० लोकांमागे एक! डॉक्टरहून परिचारिका दुर्मीळ, अशी उफराटी व्यवस्था स्वराज्याच्या पदरी आली. ज्या देशात माणसे अतिसार, हिवताप, क्षय आणि बाळंतपणात मरत होती, तेथे खरी गरज घरोघर जाऊन सांगणाऱ्या परिचारिकेची होती. आपण मात्र दीर्घकाळ रुग्णालयाच्या इमारती आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनाच प्रगती समजत राहिलो.

शिक्षिकेची वसुली कारकून कशी झाली

खेड्यातील नर्सबाईवर लोकांचा जो विश्वास बसू लागला होता त्याला सर्वांत मोठा तडा गेला तो आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, सर्वांना ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे वाटून देण्यात आली. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, हे सुदैव.

या काळात जी बाई काल लस टोचायला येत होती तीच आज घरातल्या पुरुषाचा शोध घेत येऊ लागली. लोक शेतात लपू लागले. नर्सबाई दिसली की दार बंद, ही सवय लागली. शिक्षण सक्तीशेजारी नांदू शकत नाही, कारण शिकणाऱ्याला शिकविणाऱ्याच्या हेतूविषयी खात्री असावी लागते. १९९६ साली ही उद्दिष्टे अधिकृतपणे रद्द झाली. पण आकड्यांची भूक गेली नाही. ती रजिस्टरातून मोबाईलमध्ये आणि संगणकात शिरली. आज उपकेंद्रातील परिचारिकेचा किती वेळ माणसांशी बोलण्यात जातो आणि किती माहिती भरण्यात जातो, हे आपण आपल्या उपकेंद्रात बसून एकदा पाहावे.

१९७७ मध्ये जनता राजवटीत राजनारायण आरोग्यमंत्री असताना २ ऑक्टोबरला ग्रामीण आरोग्यरक्षक योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस, तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन, अशी तिची कल्पना होती. जनतेचे आरोग्य जनतेच्या हाती, हा विचार योग्यच होता. पण निवडलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. आणि बाळंतीण, तान्हे मूल, घरातली आजारी सून यांच्यापर्यंत पुरुष पोहोचू शकत नव्हता. योजनेचा हेतू समाजवादी असला तरी स्त्रीच्या श्रमाकडे न पाहण्याची जुनी खोड तिच्यातही उतरली होती. ही गोष्ट आपल्याच परिवाराची म्हणून झाकून ठेवण्याचे कारण नाही.

दिल्याने वाढते ते ज्ञान

याउलट जे प्रयोग यशस्वी झाले ते पाहू. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) जामखेड या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिका गावोगाव नेमाव्यात, ही त्यांची आरंभीची कल्पना होती. पण बाहेरून आलेली तरुण, एकटी मुलगी गावात सुरक्षित नव्हती आणि गावही तिचे ऐकत नव्हते. तेव्हा गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर व दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत आणि गावात जाऊन शिकवीत. यामुळे परिचारिकेची गरज संपली नाही. तिचे काम बदलले. जी स्वतः सर्व करीत होती ती आता इतरांना करायला शिकवू लागली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी आल्मा-आटा येथे साऱ्या जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला होता.

आपल्या विदर्भातील गडचिरोलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घ्यायला शिकविले. वजन करणे, बाळाला उबेत ठेवणे, आईला पाजण्याविषयी सांगणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सर्व त्या करू लागल्या. तेथे नवजात बालकांचे मृत्यू हजारी ६२ होते. तीन वर्षांत ते सुमारे २५ वर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, आणि २०११ पासून या पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम आशांमार्फत देशभर राबविला जात आहे. इंजेक्शन हा डॉक्टरचाच मक्ता, असे मानणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकात आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभारली. सुगीच्या वेळी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि गरजेप्रमाणे उपचार घ्यायचे. गावचा आरोग्यसेवक, गावात येणारी परिचारिका व डॉक्टर, आणि मागे रुग्णालय, अशी ती साखळी होती. ऐपतीप्रमाणे द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे, हे तत्त्व आपण पुस्तकांत वाचतो. वर्ध्याजवळच्या शेतकऱ्यांनी ते पायलीने मोजून दाखविले.

या तिन्ही ठिकाणी एक भीती जिंकावी लागली. ‘मला येते ते हिला शिकविले तर माझी किंमत काय राहील?’ ही भीती डॉक्टरला परिचारिकेविषयी वाटते आणि परिचारिकेला आशाविषयी वाटते. ज्ञान ही खाजगी मालमत्ता मानली की ती भीती खरी ठरते. पण पैसा दिल्याने कमी होतो, ज्ञान दिल्याने कमी होत नाही. मालमत्तेचा नियम ज्ञानाला लावणे हीच मूळ चूक आहे.

वॉर्डातील शाळा

सहकाऱ्यांना शिकविणे हे परिचारिकेचे काम आणखी दडलेले आहे. नव्या डॉक्टरला शीर कशी सापडवावी, प्रसूतीच्या वेळी घाई कोठे करावी आणि कोठे करू नये, हे अनुभवी सिस्टरच दाखवितात. पण शिकविणारा म्हणून नाव प्राध्यापकाचे होते. कोणता कचरा पिवळ्या पिशवीत आणि कोणता लाल पिशवीत टाकावा, हे मदतनीसांना त्याच समजावतात. २०२० च्या कोरोना साथीत संरक्षक पोशाख कसा चढवावा आणि त्याहून कठीण म्हणजे तो कसा उतरवावा, याचे पाठ कितीतरी वॉर्डांतून परिचारिकांनीच दिले. त्या शिक्षणावर माणसांचे प्राण अवलंबून होते. तरीही कामाच्या वाटणीत ‘शिकविणे’ या कलमाला वेळ नाही. आणि ज्या कामाला वेळ दिला जात नाही ते केवळ एखादीच्या चांगुलपणावर चालते.

आपल्या शिवारातील गरज

आता आपल्या भागाकडे येतो. वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राने त्याची गणना ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केली. ‘मागासलेला’ या शब्दाचे हे गोंडस रूप आहे. येथे परिचारिकेने काय शिकवावे, याची यादी शिवारच सांगते.

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नये. फवारताना खर्रा वा तंबाखू तोंडात धरू नये. अंगावर औषध सांडले तर कपडे लगेच उतरवून साबणाने अंग धुवावे. चक्कर, घाम, लाळ किंवा धूसर दिसणे सुरू झाले तर घरी निजू नये. आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्यावा. पाच वाक्यांचा हा पाठ हंगामापूर्वी प्रत्येक मजुराला मिळाला तर किती घरे वाचतील! तीच गोष्ट सर्पदंशाची. आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, चावलेला अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठावा.

आणि रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. गोळ्या फुकट मिळतात, पण अनेकदा त्या पोटात न जाता उकिरड्यावर जातात, कारण शौचाचा रंग काळा होतो, मळमळते, आणि हे होणारच, घाबरू नये, असे कोणी सांगितलेले नसते. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी, एवढ्या सांगण्यानेही तिचा गुण वाढतो.

एक रास्त आक्षेप

येथे तुमच्यापैकी कोणी उठून विचारील : रक्तक्षय अज्ञानाने होतो की दारिद्र्याने? जिच्या ताटात डाळ नाही तिला पौष्टिक आहाराचे व्याख्यान देणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली गरिबाच्या आजाराचा दोष गरिबावरच टाकण्याची सोय होते, आणि सरकारला ती आवडते. भित्तीपत्रक छापणे किमान वेतन देण्यापेक्षा स्वस्त असते. फवारणी करणाऱ्या मजुराला मुखपट्टी लाव म्हणून सांगणे सोपे. ती मालकाने पुरवली पाहिजे, असे सांगणारा मात्र कोणी नसतो.

पण या आक्षेपावरून शिक्षण नको असा निष्कर्ष निघत नाही. शिक्षण पुरे हवे, असा निघतो. गरोदर बाईला लोहाची गोळी घ्यायला सांगावे आणि अंगणवाडीतून तिला कोणता आहार मिळायला हवा तेही सांगावे. रोग्याला पथ्य सांगावे आणि हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, बाहेरून आणायला लावले तर तक्रार करता येते, हेही सांगावे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्येही देशातील एकूण आरोग्यखर्चातील शंभरातले ३९ रुपये लोकांनी थेट खिशातून भरले. हक्क ठाऊक नसलेल्याचा खिसा आधी रिकामा होतो.

असे शिक्षण देण्यासाठी शिकविणारीला निर्भय असावे लागते. जिची नेमणूक ठरावीक मुदतीच्या करारावर आहे, जिला पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची खात्री नाही, ती औषधे संपली आहेत हे लोकांना मोकळेपणी सांगेल काय? राष्ट्रीय आरोग्य अभियानातील हजारो परिचारिका अशाच कंत्राटावर आहेत. २००५ पासून गावोगाव राबणाऱ्या आशा तर सरकारच्या लेखी कर्मचारीच नाहीत, त्या ‘स्वयंसेविका’ आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. कंत्राटी पद्धत हा वेतनाचा प्रश्न आहेच. पण लोकांना खरे सांगण्याच्या स्वातंत्र्याचाही तो प्रश्न आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते गाठले गेले नाही. तो लढा मुंबई-दिल्लीत द्यावा लागेल. पण काही गोष्टी येथूनच सुरू करता येतात.

एक, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रांत परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, याचा तक्ता करून ग्रामसभेत वाचावा. नियमाने सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावयास हवे. आपल्याकडे ते किती गावांना पुरते, तेही पाहावे.

दोन, गाव आरोग्य समितीच्या बैठका कागदावर होतात की प्रत्यक्षात, याची चौकशी करावी आणि तेथे मजूर स्त्रियांना बोलते करावे. फवारणीच्या हंगामापूर्वी नर्सबाई व आशाताई यांची सभा आपण भरवावी. सतरंजी, माणसे आणि जागा आपली, ज्ञान त्यांचे.

तीन, परिचारिकेच्या कामाच्या तासांत शिकविण्यासाठी वेगळा वेळ राखावा आणि माहिती भरण्याचे काम वेगळ्या कर्मचाऱ्याकडे द्यावे, ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत घालावी. कंत्राटी परिचारिकांना कायम करणे आणि आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा देणे, या मागण्या त्या त्या संघटनांच्या एकट्याच्या नाहीत. त्या रोग्यांच्याही आहेत.

चार, आणि हे आपल्या वागणुकीविषयी. दवाखान्यात काही उणे दिसले की कार्यकर्ता प्रथम नर्सबाईवर आवाज चढवितो, कारण तीच समोर असते आणि तीच सर्वांत दुबळी असते. औषध नसणे, डॉक्टर नसणे, पाणी नसणे यांस ती जबाबदार नाही. तिच्याकडे जाब विचारायला जाण्याऐवजी तिला काय कमी आहे ते विचारायला जावे. रात्री-अपरात्री तिला बाळंतपणासाठी जावे लागले तर सोबत द्यावी. गावात तिला मान मिळाला तरच तिच्या शब्दाला मान मिळेल.

शाळेतल्या मास्तरांना गाव अजूनही वाकून नमस्कार करते, आणि ते योग्यच आहे. दवाखान्यातही एक बाई रोज शिकवीत असते. तिच्या वर्गाला फळा नाही, घंटा नाही, आणि तिचे विद्यार्थी आजारी, घाबरलेले व घाईत असतात. तिला शिकविण्यापुरती उसंत, नोकरीची शाश्वती आणि शिक्षिकेचा मान मिळवून देणे हे आपल्या चळवळीचे काम आहे. पदांचा तो तक्ता करण्यापासून या आठवड्यातच त्याला आरंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.